डोंगराखालचं परस

होळी होऊन दहा-बारा दिवस झाले होते. पहाटे साडेपाचला मागचं दार उघडलं आणि आधी वाटलं, आईनं चूल पेटवली. मग आठवलं, आमची चूल गेली दोन वर्षं तुळशीमागे नुसती बसून आहे. तिच्यात मांजर झोपतं. धूर चुलीचा नव्हता. कुठून एका बाजूनं येतोय असंही नव्हतं. शेवग्याच्या शेंड्यापासून हौदाच्या काठापर्यंत तो सगळीकडे सारखा पसरलेला, पातळ ताकासारखा. दिवा लावला तर दिव्याभोवती पिवळं खळं.

आतून नानांचा आवाज आला, "साग हाय."

नानांना वासावरून लाकूड ओळखता येतं, असा त्यांचा दावा आहे. खरं-खोटं कधी कोणी तपासलेलं नाही. सागाचा पाला जळला की ओल्या पोत्यासारखा वास येतो, सालईचा उदबत्तीसारखा, "आणि अंजनाचा येगळाच राहते." खाटेवर उठून बसले होते आणि उजव्या हाताला उशाशी पंप चाचपत होते.

मी नाशिकला बँकेत नोकरी करते. सहा आठवड्यांची रजा काढून माहेरी आले होते ती नानांच्या दम्यासाठी. नाना बत्तीस वर्षं जिनमध्ये होते. कापसातून सरकी निघते तिथे हवेत जो तंतू उडतो, तो त्यांनी तोंडाला रुमाल बांधून आणि बऱ्याचदा न बांधता बत्तीस वर्षं ओढला. घरी आले की भुवया पांढऱ्या. आम्ही भावंडं हसायचो, "नाना म्हातारे झाले." आता खरोखर झाले, आणि तंतूनं छातीत घर केलंय ते निघत नाही. डॉक्टरांनी यंदा बजावून सांगितलं होतं, धुळीत आणि धुरात पाऊल टाकायचं नाही. त्यात डोंगरातल्या वणव्याचा धूर हा असा दारात येऊन बसेल, हे डॉक्टरांच्याही मनात आलं नसणार.

तेव्हा परस माझ्याकडे आलं. नानांचं परस. निवृत्तीनंतरची पंधरा वर्षं त्यांनी दुसरं काही केलेलं नाही. घरामागची जागा म्हणाल तर दोन खोल्यांएवढी. त्यात कागदी लिंबू एक, कढीपत्ता, शेवगा, पपया दोन, केळीचं एक बेट, मोगरा, अळू, गवती चहा, भिंतीवर चढवलेली गिलकी आणि हिवाळ्यातली भरताची वांगी, जी एव्हाना काढायला हवी होती पण नाना काढू देत नव्हते. शेतातलं जुनं ठिबक त्यांनी इथे अंथरलंय. सोळा एमएमची नळी, ताशी चार लिटरचे ड्रिपर, आणि प्रत्येक ड्रिपरला त्यांच्या लेखी स्वभाव आहे. "तो लिंबाजवळचा आळशी हाय, त्याले सुई लाव." आमच्याकडे नळ चौथ्या दिवशी येतो. हौद भरला की मग ते पाणी चार दिवस पुरवायचं. म्हणजे परस सांभाळायचं हा अर्धा हिशेबाचाच विषय, आणि तेवढा तरी मला येतो असा माझा समज होता.

पहिल्याच सकाळी मी चुकले. पानांवर राखाडी थर बसलेला पाहून मला कळवळा आला आणि नऊ वाजता, ऊन चढल्यावर, पाइप घेऊन सगळी झाडं धुऊन काढली. खिडकीच्या गजांमधून नाना ओरडत होते, पण तोंडावर ओढणी आणि पाइपचा आवाज, मला काही कळलं नाही. एक हौदभर नाही तरी पाऊण हौद पाणी गेलं. दुपारी बेचाळीस डिग्री. संध्याकाळी अळूच्या पानांवर भाजल्यासारखे डाग आणि वांग्यांच्या बुडात मात्र माती कोरडी, कारण सगळं पाणी पानांवरून उडून गेलं होतं.

"झाडाले आंघोय घातली तू," नाना म्हणाले. "पानी नाही पाजलं."

मग त्यांनी शिकवलं. उजाडायच्या आत, तांब्याभर पाण्यात फडकं भिजवायचं आणि मोठी पानं एकेक करून पुसायची, केळीची, पपईची, अळूची. पान तळहातावर घ्यायचं, वरून पुसायचं, मग उलटं करून खालून. खालून जास्त महत्त्वाचं. झाड श्वास घेतं ती छिद्रं बहुतेक झाडांना पानाच्या पाठीला असतात आणि राखेचा बारीक थर तिथे बसला की झाड गुदमरतं, असं नाना म्हणतात. शास्त्र जरा सावध बोलतं: थर बसला की पानापर्यंत उजेड कमी पोहोचतो, छिद्रं अर्धवट बुजतात, पान तापतं. पण दम्याच्या माणसाकडून गुदमरणं हा शब्द ऐकला की शास्त्राचा मुद्दा काढवत नाही. लहान पानांना, कढीपत्त्याला आणि लिंबाला, फवाऱ्याची बाटली. पाणी मुळाशी, ठिबकनं, रात्री. आणि वर केळीच्या वाळक्या पानांचं आच्छादन, म्हणजे ओल टिकते.

राख मातीत मिसळू द्यायची नाही, हेही त्यांचंच. मी म्हटलं, राख तर खत असते ना, पोटॅश असतं तिच्यात. असतं. कोकणातल्या आंबट मातीत ती घालतात ते बरोबर. आपली काळी माती मुळातच खारट-तुरट, चुन्याची, तिच्यात आणखी राख म्हणजे लिंबाला लोह मिळेनासं होतं. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. आमच्या लिंबाचं एकदा तसं झालं होतं. आईनं भांडी घासून उरलेली राख वर्षभर त्याच्याच बुडात टाकली होती आणि त्यावरून घरात जो वाद झाला तो मला अजून आठवतो.

केळीचं पान पुसताना फडकं काळं होत नाही, हे मला नवीन होतं. मी काजळी समजत होते. ते होतं करड्या रंगाचं, पिठासारखं, बोटांना किंचित चिकट. हवेतलं जे छातीत जातं ते तर दिसतही नाही. धुरातले घातक कण अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक असतात, आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. ओढणी, रुमाल, उपरणं यातून ते आरामात जातात. आपल्या देशात दिवसाला या कणांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम धरली आहे, जागतिक आरोग्य संघटना १५ म्हणते. मी रोज सकाळी मोबाइलवर आकडा बघायची. तो जळगावचा असायचा. आमच्यापासून ४०-५० किलोमीटरवरचा, तापीच्या पलीकडचा. त्या आकड्यात हवा 'मध्यम' होती. इकडे नाना भिंतीला पाठ लावून, खांदे वर उचलून, मोजून श्वास घेत होते. त्यानंतर मी आकडा बघणं सोडलं आणि गच्चीवरून डोंगर दिसतो का, ते बघायला लागले.

आमचं गाव यावल-रावेर रस्त्याला लागून. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मधे केळी. एरवी गच्चीवर उभं राहिलं की डोंगर ताटात वाढल्यासारखा समोर. पाल गावाच्या बाजूच्या घड्या, मधली खिंड, पावसाळ्यात तर ओहोळसुद्धा मोजता येतात. त्या नऊ दिवसांत डोंगर नव्हता. केळीच्या बागा संपल्या की पुढे नुसतं मळकं आभाळ. दुपारी दोन-तीनला तो थोडा फिकट उमटायचा, पेन्सिलनं काढून खोडल्यासारखा, आणि लोक म्हणायचे, गेला धूर. गेलेला नसायचा. उन्हानं जमीन तापली की हवा वर चढते, तिच्याबरोबर धूर वर जातो इतकंच. रात्री उतारावरची हवा थंड होऊन जड होते आणि दरीदरीनं खाली मैदानात उतरते. त्यावर ऊबदार हवेचं झाकण बसतं. पहाटे चारपासून नऊपर्यंत आपण त्या झाकणाखाली. नानांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "रात्री डोंगराचा वारा खाली येते हे मले सांगतं? उन्हायात आम्ही कशाले अंगनात निजायचो मग?"

आणि रात्री डोंगर दिसायचा. दिवसा नाही तो रात्री. काळोखात मधेच एक नारिंगी रेघ, वाकडीतिकडी, कुठे तुटलेली. लहानपणी आम्हा पोरांना ती फार आवडायची. आजी सांगायची, डोंगरानं माळ घातली. आम्ही गच्चीवर गोधड्या टाकून मणी मोजायचो. एका रात्री चौदा मोजल्याचं आठवतं. त्यातला एकेक मणी म्हणजे काय, हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं.

माझ्या वर्गातला एकजण वनखात्यात वनरक्षक आहे. त्याला फोन केला. तो तेव्हा जंगलात, लंगडा आंबा नावाच्या ठिकाणाच्या बाजूला होता, आवाज बसलेला. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा त्यांचा वणव्याचा हंगाम. त्याआधी जाळरेषा काढून ठेवायच्या, म्हणजे रुंद पट्ट्यातलं गवत आणि पाला आपणच जाळून साफ करायचा, की पुढे आग तिथे येऊन उपाशी मरते. मग वाट बघायची. उपग्रह डोक्यावरून जातो, त्याला खाली ऊष्णता दिसली की देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून मोबाइलवर संदेश येतो. त्यातला ठिपका म्हणजे ३७५ मीटरचा चौकोन. "मॅडम, नकाशावर चौकोन असतो," तो म्हणाला. वर्गात हा मला ढुंगणावर लाथ मारायचा, आता मॅडम म्हणतो. "डोंगरात तो चौकोन म्हणजे दोन नाले नि एक कडा." चालत जायचं. पाठीवर ब्लोअर असला तर ब्लोअर, नसला तर ओल्या डहाळ्या. बऱ्याचदा रात्रीच, कारण दिवसा धग सहन होत नाही.

मी विचारलं, लावतं कोण?

तो जरा थांबला. मग म्हणाला, मोहाचा टाइम आहे.

मोहाची फुलं पहाटे गळतात. मार्च-एप्रिलचे काही आठवडे. पिवळट, मांसल, मण्यांसारखी. झाडाखाली सागाच्या, टेंभुर्णीच्या वाळक्या पानांचा गुडघाभर थर असतो, त्यात ती हरवतात. म्हणून झाडाखालचा पाला आदल्या दिवशी जाळतात, जमीन सारवल्यासारखी होते आणि पहाटे फुलं वेचायला सोपी. विझवायचं राहून गेलं की आग पुढे चालू लागते. कोणी गुरांना नवं गवत यावं म्हणून लावतो, कोणाच्या हातून बिडीचं थोटूक पडतं. सातपुड्याचं जंगल पानगळीचं. फेब्रुवारी-मार्चला साग पानं टाकतो तेव्हा खाली पापड पसरल्यासारखं होतं, पाय ठेवला की कुरकुर. अशा ठिकाणी आग झाडाच्या शेंड्यात क्वचित जाते. ती जमिनीलगत चालते, पाला, गवत, बी आणि हातभर उंचीची रोपं खात. मोठी झाडं उभी राहतात. त्यामुळे पावसाळ्यात जाऊन पाहिलं तर वाटतं, काही झालंच नाही. नुसती मधली पिढी नसते.

मोह वेचणाऱ्या बायांना नावं ठेवणं सोपं आहे आणि आमच्या गल्लीत ते रोज सकाळी होत होतं. "वरचे लोक जंगल जाळून राह्यले." वरचे म्हणजे पावरा, तडवी, बारेला. मी पण मान डोलावली असती, पण नाना खिडकीतून ऐकत होते.

"मागच्या चैतात बांध कोनी पेटवला होता?" त्यांनी विचारलं.

बांध आम्ही पेटवला होता. दरवर्षी पेटवतो. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून बांधाला लावतात, केळीचा वाळका पाला, गव्हाचं धसकट, सगळं चैत्रात काडी लावून मोकळं. एका वर्षी वारा फिरला आणि आमची आग शेजारच्या बांधावरून त्यांच्या केळीत शिरली. केळी ओली म्हणून वाचली, ठिबकच्या नळ्या मात्र वितळून जमिनीला चिकटल्या, काळ्या सापाच्या कातीसारख्या. नानांनी नुकसान भरून दिलं. दोन हप्त्यांत. पण पुढच्या चैत्रात पुन्हा बांध पेटवला, फक्त वारा बघून. त्या धुराला आम्ही धूर म्हटलेलं मला आठवत नाही. 'शेत साफ केलं' म्हणायचो. जाळायचा नाही तर पऱ्हाट्यांचं करायचं काय, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. भुगा करणारं यंत्र येतं, ते वेळेवर मिळत नाही, मिळालं तर भाडं परवडत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी नुसतं सांगतेय की नानांनी विचारल्यावर गल्लीतली चर्चा जरा वेळ थांबली.

त्याच आठवड्यात आईनं बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाट घातला होता. ज्वारी तीन दिवस भिजत घातलेली, मग वाळवून भरडलेली. एकदा एवढं झालं की मागे फिरता येत नाही. धूर असो की काही असो. मोठ्या पातेल्यात घाटा शिजला. तीळ, जिरं, लसूण, लाल मिरचीचा ठेचा. गच्चीवर ओल्या धोतरावर शेजारच्या काकू आणि आई दोघींनी बिबड्या थापल्या, तोंडाला पदर. अर्ध्या तासानं मी वर गेले तर एका बिबडीवर एक पान पडलेलं. नखाएवढं. राखेचं पान. सागाच्या पानाचा तुकडा जळून गेला होता, पण शिरांची जाळी जशीच्या तशी, मधली जाड शीर, तिच्यातून फुटलेल्या आडव्या, त्यांच्यातून आणखी बारीक, कुठे तुटलेली नाही. इतक्या दूरवरून वाऱ्यावर तरंगत आलं आणि तिळाच्या बाजूला अलगद बसलं. मी बोट लावलं आणि ते नव्हतं. बिबडीवर करडा डाग राहिला.

आईनं तो भाग चिमटीनं काढून टाकला आणि बाकीची बिबडी सारखी केली. "खाऊ आपन," ती म्हणाली. "डोंगराचंच हाय ना."

ती सहज म्हणाली. पण आमच्या घरात डोंगराचं काय काय आहे याची यादी माझ्या डोक्यात सुरू झाली ती थांबेना. पहिलं पाणी. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि वाळूचा एक पट्टा आहे, डोंगरातून नद्यांनी हजारो वर्षं वाहून आणून टाकलेला. भूगर्भवाले त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावर पडलेलं पाणी तिथे मुरतं आणि जमिनीखालून आमच्याकडे येतं. यावल-रावेरची केळी त्या पाण्यावर उभी आहे. माझ्या लहानपणी आमच्या मळ्यातल्या विहिरीत पायऱ्या उतरून हात बुडवता यायचा. आता बोअरला शेकडो फूट जावं लागतं, आणि उपसा किती, भरणा किती, याचा हिशेब बँकेतल्या कुठल्याही थकीत कर्जासारखाच दिसतो. वर पाल्याचा थर असेल तर पहिला पाऊस तो झेलतो, स्पंजासारखा, आणि हळूहळू खाली सोडतो. पाला जळून गेला की जूनचे टपोरे थेंब उघड्या मातीवर आपटतात, माती चिखल होऊन स्वतःचीच भोकं बुजवते आणि पाणी ओढ्यानं गढूळ होऊन थेट तापीला. आमच्या हौदात चौथ्या दिवशी येणारं पाणी आणि पहाटे नाकात जाणारा धूर, दोन्ही एकाच उतारावरून येत होते. मी तांब्याभर पाणी घेऊन केळीच्या पानावरची राख पुसत होते, म्हणजे डोंगराचं पाणी घेऊन डोंगरच पुसत होते. हे मनात आलं तेव्हा मी पाचव्या पानावर होते आणि उरलेली बारा पुसायची होतीच.

चौथ्या-पाचव्या दिवशी नानांच्या लक्षात आलं की माशी नाही. खिडकीतून त्यांना शेवगा दिसतो. शेवगा फुलला की त्याच्यावर सकाळी नुसता गुंजारव असतो, कान दिला तर भांडं पुसल्यासारखा. त्या दिवसांत झाड फुललेलं, खाली पांढरा सडा, आणि वर शांतता. मधमाशीला धूर म्हणजे घर सोडायची सूचना. धूर लागला की ती आधी पोटभर मध पिऊन घेते, म्हणूनच मध काढणारे धूर करतात, ती सुस्तावते, चावत नाही. दुरून आलेल्या धुरानंही असंच होत असेल का, कोण जाणे. आमच्याकडे ती फिरकली नाही एवढं खरं.

"गिलकं नाही लागनार," नाना म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा पडला की जणू कोणाचं लग्न मोडलं.

तेव्हा गिलक्यांचं लग्न मी लावलं. गिलक्याचं फूल पहाटे उमलतं, हळदीच्या रंगाचं, पाच पाकळ्या. नर फुलं झुपक्यानं येतात. मादी फूल एकटं, आणि त्याच्या मागे देठाऐवजी इवलंसं गिलकंच असतं, करंगळीच्या पेराएवढं, लव असलेलं. ते खरं तर अजून गिलकं नसतं, गिलक्याची आशा असते. परागकण बसले नाहीत तर दोन दिवसांत पिवळं पडून गळतं. मी नर फूल खुडायची, पाकळ्या मागे दुमडायची आणि मधला पिवळा गोंडा मादी फुलात टेकवून हलकेच फिरवायची. कपाळाला कुंकू लावताना फिरवतो तसं. बोटाच्या टोकाला पिवळी धूळ, आणि तिच्यात करडी मिसळलेली. एन-९५ मास्क लावलेला, चष्म्यावर वाफ, हातात टॉर्च, वेळ पहाटे पाच पन्नास. खिडकीतून सूचना चालूच. "त्या वरच्याले लाव. त्याले नाही, तो नर हाय. दिसत नाही का तुले?" शेजारच्या काकू त्यांच्या गच्चीवरून बघत होत्या. त्यांनी नंतर गल्लीत काय सांगितलं असेल ते असो. सहा फुलांना लावलं.

मधे एक गंमत वाचली. धुरात असं एक रसायन असतं की त्यानं झोपलेलं बी जागं होतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००४ मध्ये ते वेगळं काढून दाखवलं. वणव्यानंतर राखेतून रोपं एकदम वर येतात, त्यामागचं एक कारण तेही. मला एकदम आजीची चूल आठवली. भोपळ्याचं, गिलक्याचं, दोडक्याचं बी ती फडक्यात बांधून चुलीवरच्या आढ्याला टांगायची. वर्षभर धूर खाऊन ते पुरचुंडं काळं ठिक्कर व्हायचं. तिनं ते किडीसाठी टांगलं होतं, आणखी कशासाठी नाही. तिला कोणी रसायनाचं सांगितलं असतं तर तिनं आधी विचारलं असतं, त्यानं भुंगे मरतात का.

धुराशी आमचं वैर कधीच नव्हतं, हेही सांगायला हवं. बाळंतिणीच्या खाटेखाली ओवा-शेपांची धुरी आम्हीच करतो. गोठ्यात डासांसाठी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर. आणि भरीत. खान्देशातल्या माणसाला भरताबद्दल बोलू दिलं तर लेख तिथेच थांबेल म्हणून थोडक्यात: बामणोदच्या बाजूचं हिरवट-पांढरं मोठं वांगं, जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि ते भाजायचं उघड्यावर, पऱ्हाट्या नाहीतर तुराट्या पेटवून. वांग्याची साल जळते, आतला गर धूर पितो. मग लाकडी बडगीत ठेचायचं. धूर हाच मसाला.

परसातली शेवटची चार वांगी काढायची वेळ नेमकी सातव्या दिवशी आली. उशीर झाला तर बी धरलं असतं. बाहेर काड्या पेटवणं शक्यच नव्हतं, म्हणून आईनं गॅसवर जाळी ठेवून दोन वांगी भाजली. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, दाणे, सगळं रीतसर. कळण्याची भाकर. नानांनी पहिला घास घेतला, चावला, आणि ताटाकडे बघत बसले.

"काय झालं?"

"काही नाही. उकडलं चांगलं."

घरभर धूर, खिडक्यांना ओल्या चादरी, माणसाला श्वास घ्यायची पंचाईत आणि त्याची तक्रार ही की भरताला धुराचा वास नाही. आई उठून स्वयंपाकघरात गेली. तिला हसू आलं होतं की राग, ते मला दारातून दिसलं नाही. उरलेली दोन वांगी तिनं टोपलीत कोपऱ्यात ठेवून दिली.

त्या रात्री नानांना जास्तच झालं. वाफेचं मशीन दोनदा लावावं लागलं. दोन वाजता मी गाडी काढावी का या विचारात, आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवतेय, मशीनची घरघर, आणि नाना तोंडावरचा मुखवटा बाजूला करून काहीतरी सांगायचा प्रयत्न करतायत. मी कान जवळ नेला. "लिंबाजवळचा ड्रिपर," ते म्हणाले. पहाटे चारनंतर श्वास बसला. साडेपाचला मी जाऊन ड्रिपरला सुई लावली. खरंच तुंबला होता.

नवव्या दिवशी वारा फिरला. पश्चिमेचा जोर धरला, दुपारी धूळ उडाली, आईच्या चादरी फडफडल्या. संध्याकाळी गच्चीवर गेले तर डोंगर होता. सगळ्या घड्यांसकट. दोन ठिकाणी काळे पट्टे, वरून खाली ओघळलेले, सारवताना शेण संपलं तसे अर्धवट. वनरक्षकाचा फोन आला, आवरलं म्हणे, त्यांच्यातल्या दोघांचे पाय भाजले, बाकी ठीक. मोहाचे अजून काही दिवस होते. तो झोपायला चालला होता.

सकाळी नाना परसात आले. दहा पावलं, मधे एकदा हौदाला टेकून. त्यांनी माझ्या कामाची तपासणी केली. केळीच्या पानामागे अंगठा फिरवून उजेडात धरला, बघितला, काही बोलले नाहीत. आच्छादन पायानं थोडं सारखं केलं. मग भिंतीपाशी. सहातली चार गिलकी धरली होती. एक तर चांगलं वीतभर. नानांनी ते तळहातावर तोललं, जसं जिनमध्ये कापूस तोलायचे.

"वांगी हायेत का दोन?" त्यांनी विचारलं.

आई आतून म्हणाली, "पंप घ्या पयले."

पंप घेतला. नाना ओट्यावर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, खुर्चीत. मी गोठ्यामागून पऱ्हाट्यांची एक मोळी ओढून आणली, थोड्या तुराट्या, मोकळ्या जागेत रचल्या, वांग्यांना सुरीनं टोचे मारले, तेलाचा हात फिरवला. काडेपेटी हातात घेतली आणि सवयीनं वारा बघितला. वारा शेजारच्या गच्चीकडे होता. तिथे दोरीवर कुरडया वाळत होत्या आणि काकूंच्या मुलीचं सहा महिन्यांचं बाळ झोळीत.

"काकू," मी हाक मारली, "जरा बाळाला आत घ्या नि वाळवण झाका. भरीत करतोय."